ऑक्टोबरच्या आधीचं बेसबॉल: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला बेसबॉलवरून तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. उत्तरं निःपक्षपाती नाहीत. मी सिएटल मरीनर्सवाली (अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधल्या सिएटलच्या संघाची चाहती) आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुठे तोल गेला तर कारण शोधायला नको. लिहितेय ते २०२५ चा मोसम संपल्यावर, जखम ओली असताना.

पुण्यातल्या बाईला हे वेड लागलं कुठून?

शाळेत सॉफ्टबॉल खेळले होते, त्यामुळे बेस, कॅचर, स्ट्राइक हे शब्द नवे नव्हते. पण वेड लागलं ते सिएटलला. २०१३ मध्ये कामासाठी गेले आणि सहा वर्षं राहिले. पहिलं वर्ष ऑफिसच्या फुकट तिकिटावर, शेंगदाणे खात, कुणी होमर (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला की शेजाऱ्याकडे बघून टाळ्या वाजवण्यात गेलं.

मग आला २८ सप्टेंबर २०१४, साखळीचा शेवटचा रविवार. मरीनर्स जिंकले आणि तिकडे टेक्सासात ओकलंड हरले, तर दोघांची बरोबरी होऊन आणखी एक सामना मिळणार होता. आमचा लाडका पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) फेलिक्स हर्नांडेझ खेळत होता, पण मैदानातल्या निम्म्या लोकांची नजर फलकावरच्या दुसऱ्याच सामन्याच्या आकड्यावर होती. ओकलंड जिंकल्याचं तिथे झळकलं. एक लांबलचक ‘हंऽऽ’ असा आवाज झाला. त्यानंतर मॅनेजरने फेलिक्सला बाहेर घेतलं, आणि तो चालत येत असताना सगळं मैदान उभं राहिलं. त्या दिवशी मरीनर्स सामना जिंकले आणि मोसम हरले. मी तेव्हा जी गेले ती गेलेच.

प्लेऑफमध्ये किती संघ जातात?

बारा. साखळी संपली की ऑक्टोबरात होणारी बाद फेरी म्हणजे प्लेऑफ. एकूण ३० संघ, दोन लीग: अमेरिकन आणि नॅशनल. प्रत्येक लीगमध्ये १५ संघ, पाच-पाचच्या तीन डिव्हिजन. तीन डिव्हिजनचे तीन विजेते आत. उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून आत. म्हणजे लीगमागे सहा. त्यातल्या वरच्या दोन डिव्हिजन विजेत्यांना पहिली फेरी माफ. बाकीचे चार तीन-तीन सामन्यांची झटपट मालिका खेळतात, तीही वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरीच. पुढची फेरी पाच सामन्यांची, लीगची अंतिम फेरी सातांची, आणि शेवटी दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीज, तीही सातांची. ही रचना २०२२ पासूनची.

एका संघाचे १६२ सामने? कंटाळा येत नाही?

हा प्रश्न आयपीएल बघणारे विचारतात. तिथे दहा संघ, चौदा-चौदा सामने आणि चार आत. दोन महिन्यांत मांडव उतरतो.

इथे मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज सामना. सगळे बघायचे नसतातच. बेसबॉलचा मोसम हा शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा असतो, तो चालूच राहतो आणि आपण मधूनमधून कान देतो. मेमध्ये एक संध्याकाळ हरलात तर कुणाला काही वाटत नाही. आणि सप्टेंबरात कळतं की मेमधल्या त्याच एका संध्याकाळीने घात केला.

माझं ठाम मत: संघ किती चांगला हे कळतं ते या १६२ सामन्यांत. पाचवा पिचर कसा आहे, राखीव कॅचरला (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) फलंदाजी येते का, सलग सहा हरल्यावर मॅनेजर काय करतो, हे सगळं सहा महिन्यांत उघडं पडतं. ऑक्टोबरमध्ये झाकता येतं. तिथे तीन चांगले पिचर असले की भागतं.

‘अडीच सामन्यांनी मागे’ म्हणजे काय? अर्धा सामना कुठून आला?

सर्वांत लोकप्रिय प्रश्न. सासूबाईंचाही हाच.

समजा पहिल्या संघाने ८५ जिंकले, ६० हरले. दुसऱ्याने ८२ जिंकले, ६२ हरले. विजयांतला फरक तीन, पराभवांतला दोन. बेरीज पाच, भागिले दोन, म्हणजे अडीच. सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात, कुणाचा पावसात गेला, कुणाला आज सुट्टी, म्हणून हा अर्धा येतो. जाणकार लोक त्यात पराभवांचा रकाना आधी बघतात. राहिलेला सामना जिंकता येतो, पण हरलेला परत मिळत नाही.

आणि मॅजिक नंबर?

पहिली जागा पक्की व्हायला अजून किती हवं, तो आकडा. १६३ मधून पहिल्या संघाचे विजय वजा करा, मग दुसऱ्याचे पराभव वजा करा. पहिल्याचे ९० विजय आणि दुसऱ्याचे ६५ पराभव असतील तर उरतात आठ. आपण जिंकलो की एक कमी, तो हरला की एक कमी. शून्य झालं की शँपेन. माझ्या फ्रिजवर सप्टेंबरभर हा आकडा खडूने लिहिलेला असतो. दूधवाल्याचा हिशेब त्याच्या खाली.

दोन संघांची बरोबरी झाली तर?

इथे माझं डोकं फिरतं, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

पूर्वी बरोबरी झाली की १६३ वा सामना व्हायचा. एक सामना, हरला तो घरी. १९७८ मध्ये न्यूयॉर्क यँकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स यांच्यात असाच झाला. यँकीज जुलैत १४ सामन्यांनी मागे होते, आणि बकी डेंट नावाच्या, होमरसाठी अजिबात प्रसिद्ध नसलेल्या गड्याने होमर मारून बॉस्टनचं वर्ष संपवलं. १९९५ मध्ये आमचे मरीनर्स ऑगस्टच्या सुरुवातीला १३ सामन्यांनी मागे होते. डिव्हिजनमध्ये पुढे असलेल्या एंजल्स संघाला गाठलं, १६३ वा सामना झाला आणि रँडी जॉन्सनने त्यांना ९-१ ने लोळवलं. त्या शरद ऋतूत सिएटलमध्ये बेसबॉल राहणार की जाणार हेच ठरत होतं. त्या धावाधावीनंतर वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने नव्या मैदानाचा निधी मंजूर केला. ज्या मैदानात मी फेलिक्ससाठी उभी राहिले, ते असं उभं राहिलं.

२०२२ पासून हा सामना बंद. आता आपसातल्या सामन्यांचा हिशेब बघतात. म्हणजे सहा महिने शर्यत लावायची आणि शेवटी वही उघडून निकाल द्यायचा. २०२२ मध्येच न्यूयॉर्कचा दुसरा संघ मेट्स आणि अटलांटाचे ब्रेव्ह्ज दोघांनी १०१ सामने जिंकले. वहीने डिव्हिजन ब्रेव्ह्जना दिली. २०२५ मध्ये तर वहीचाच सण होता. टोरँटो आणि यँकीज दोघेही ९४-६८ (विजय-पराभव), पण आपसात टोरँटो ८-५ ने पुढे, म्हणून डिव्हिजन टोरँटोची. डेट्रॉइट आणि ह्यूस्टन दोघेही ८७-७५, डेट्रॉइट आत, ह्यूस्टन बाहेर. सिनसिनाटी आणि मेट्स दोघेही ८३-७९, सिनसिनाटी आत. (ह्यूस्टनबद्दल मला दुःख झालं असं म्हणणार नाही. आमच्याच डिव्हिजनमधले ते. आणि सप्टेंबरात त्यांच्या घरी जाऊन आम्हीच त्यांचे तिन्ही सामने घेतले होते.)

शेवटच्या रविवारी सगळे सामने साधारण एकाच वेळी सुरू करतात, आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराच्या आसपास. त्या रात्री मी दोन खिडक्या उघडून बसले होते. सिनसिनाटी मिलवॉकीत हरत होते, म्हणजे मेट्सना फक्त मायामीत जिंकायचं होतं. तेही हरले, ४-० ने. दोघेही हरून एक आत गेला. वेळापत्रकात दिवस नाही, पिचर दमतात, ही कारणं मला माहीत आहेत. तरी एक दिवस काढा हो.

पण एवढा खर्च करून मेट्स बाहेर कसे राहिले?

जून २०२५ च्या मध्याला ते ४५-२४ होते, सगळ्या बेसबॉलमध्ये अव्वल. त्यानंतर ३८-५५. हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल करून आणलं होतं, आणि तो खेळलाही चांगला. पिचिंग ढासळलं. घराला इटालियन मार्बल लावावा आणि पावसाळ्यात गच्ची गळावी, तशी गत.

इतिहासातली सगळ्यात मोठी घसरगुंडी कुणाची?

उमेदवार बरेच.

१९६४ चे फिलाडेल्फिया फिलीज. बारा सामने बाकी, साडेसहाची आघाडी, आणि सलग दहा हरले. तिथली म्हातारी माणसं अजून त्यावर बोलतात म्हणे.

२०११ चे बॉस्टन. सप्टेंबरच्या सुरुवातीला वाइल्ड कार्डच्या शर्यतीत टँपा बेपेक्षा नऊ सामन्यांनी पुढे होते. २८ सप्टेंबरच्या रात्री बॉस्टन बाल्टिमोरमध्ये शेवटच्या क्षणी हरलं, आणि काही मिनिटांतच टँपाच्या इव्हान लाँगोरियाने बाराव्या इनिंगमध्ये (सामना नऊ इनिंगचा, बरोबरी असली की पुढे चालू राहतो) होमर मारून त्यांची सुटकेस भरली. त्याच रात्री अटलांटाही साडेआठ सामन्यांची आघाडी घालवून बाहेर पडले. त्यांच्या जागी आत गेलेले सेंट लुइस कार्डिनल्स पुढे वर्ल्ड सिरीज जिंकले.

आकड्यांनी बघायचं तर मान २०२५ च्या डेट्रॉइट टायगर्सचा. जुलैत क्लीव्हलंडच्या साडेपंधरा सामने पुढे, आणि डिव्हिजन जिंकली क्लीव्हलंडने. डिव्हिजन सुरू झाल्या १९६९ मध्ये; तेव्हापासून इतकी मोठी पिछाडी कुणी भरून काढली नव्हती. गंमत पुढे आहे. टायगर्स वाइल्ड कार्डने आत आले, पहिल्या फेरीत समोर क्लीव्हलंडच, आणि त्यांच्याच घरी टायगर्सनी त्यांना २-१ ने हरवलं. सहा महिन्यांची मेहनत तीन दिवसांत खलास. ऑक्टोबरवर माझा राग आहे तो यासाठीच.

वर्षभर सर्वाधिक जिंकणारा संघ विजेता का होत नाही?

कारण पाच-सात सामन्यांत कुणीही कुणालाही हरवू शकतो. बेसबॉलमधला उत्तम संघ शंभरातले साठ जिंकतो. म्हणजे चाळीस हरतो. ते चाळीस नेमके कधी येतील ते कुणाच्या हातात नाही.

दाखले देते. २००१ मध्ये मरीनर्सनी ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजलाही पोचले नाहीत. २०२२ मध्ये लॉस एंजलिस डॉजर्स १११ जिंकून पहिल्याच मालिकेत पडले. २००६ मध्ये कार्डिनल्स ८३ जिंकून विश्वविजेते.

आणि २०२५ चे मिलवॉकी ब्रूअर्स, माझा दुसरा जीव. छोटं शहर, बेताची तिजोरी, तरी ९७ विजय, सर्वांत जास्त. मॅनेजर पॅट मर्फी खिशात पॅनकेक ठेवतो आणि मुलाखत देता देता काढून खातो. ऑगस्टमध्ये सलग १४ जिंकले. त्या शहरातल्या एका जुन्या हॉटेल-साखळीचं वचन आहे की ब्रूअर्स सलग १२ जिंकले तर बर्गर फुकट, आणि लोकांनी रांगा लावून ते खाल्ले. डॉजर्सशी साखळीत सहा सामने खेळले, सहाही जिंकले. मग ऑक्टोबरमध्ये त्याच डॉजर्सनी त्यांना ४-० ने झाडून काढलं. चार सामन्यांत मिलवॉकीच्या धावा किती? चार. रोज एक. शेवटच्या सामन्यात शोहेई ओहतानीने पिचर म्हणून दहा जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि बॅटर म्हणून तीन होमर मारले. यावर कुठला मॅनेजर काय उपाय काढणार?

माझी मागणी साधी आहे: पाच सामन्यांची फेरी सातांची करा. थोडा तरी न्याय होईल.

मग वाइल्ड कार्डच नको म्हणतेस?

नाही, इथे मी माझ्याच पक्षातून फुटते. जुने लोक १९९३ ची आठवण काढतात. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी १०३ जिंकले, अटलांटाने १०४, दोघे एकाच डिव्हिजनमध्ये, आणि जायंट्स घरी. त्याला ते शेवटची खरी शर्यत म्हणतात. शर्यत झकास होती, मान्य. पण १०३ जिंकून घरी बसणं हा अन्याय होता, हेही खरंच. वाइल्ड कार्ड प्रत्यक्षात आलं १९९५ मध्ये, १९९४ चा ऑक्टोबर संपात बुडाल्यामुळे.

एक वाइल्ड कार्ड ठीक. दोनही ठीक. तीन म्हणजे लग्नाला आलेल्या प्रत्येकाला आहेर. ८३ विजयांचा संघ आत येतो तेव्हा मला मेमधल्या त्या हरलेल्या संध्याकाळीचा अपमान झाल्यासारखं वाटतं. पण हेही कबूल करते, की सप्टेंबरात अर्ध्याहून जास्त शहरांत आशा जिवंत असते ती या तिसऱ्या जागेमुळे. आणि २०२२ मध्ये मरीनर्सचा २१ वर्षांचा उपास सुटला तो वाइल्ड कार्डनेच. तेव्हा मी काही बोलले नव्हते.

जुलैअखेर एवढी धांदल कशाची असते?

खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख. प्रत्येक संघाला ठरवावं लागतं: आपण घेणारे की विकणारे? शर्यतीत असलेला संघ उद्याची पोरं देऊन आजचा गडी घेतो. २०२५ मध्ये मरीनर्सनी ॲरिझोनाकडून जॉश नेलर आणि युहेनियो सुआरेझ दोघांनाही आणलं. मी तेव्हा पहिल्यांदा आमच्या मालकांबद्दल बरं बोलले.

उलटं उदाहरण २०२४ च्या टायगर्सचं. आपला चांगला पिचर जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सना विकून टाकला, म्हणजे हातच वर केले. ऑगस्टमध्ये त्यांची प्लेऑफची शक्यता ०.२ टक्के धरली जात होती. आणि ते आत गेले.

२०२५ मध्ये मरीनर्सचं नेमकं काय झालं?

सांगते. हे उत्तर लिहायला मी दोनदा बसले आणि दोनदा उठले.

वर्ष देखणं होतं. आमचा कॅचर कॅल रॅली याने ६० होमर मारले. कॅचर! उन्हातान्हात गुडघ्यांवर बसून राहणारा माणूस. २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकली. डेट्रॉइटला पाचव्या सामन्यात, पंधराव्या इनिंगमध्ये हरवलं. मग टोरँटोशी सात सामन्यांची मालिका, ३-३. सातवा सामना टोरँटोत, अमेरिकेत सोमवारची रात्र, म्हणजे आपल्याकडे मंगळवार, २१ ऑक्टोबरची पहाट. लक्ष्मीपूजनाचा दिवस.

मी साडेपाचला उठून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, शेजारी चिवड्याची वाटी. स्वयंपाकघरात सासूबाईंचं नैवेद्याचं चाललेलं. सातवी इनिंग आली तेव्हा आम्ही ३-१ ने पुढे. मरीनर्स स्थापनेपासून एकदाही वर्ल्ड सिरीज खेळलेले नाहीत. ३० संघांत असा एकच संघ आहे. तिथपर्यंत पोचायला फक्त आठ जणांना बाद करायचं राहिलं होतं. टोरँटोचे दोन गडी बेसवर. आमच्या मॅनेजरने पिचर बदलला आणि बझार्डोला आणलं. हुकमी पत्ता मुन्योझ तिकडे बुलपेनमध्येच, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात तिथे. का, ते मला अजून कळलेलं नाही. जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू डावीकडे प्रेक्षकांत पाठवला. तीन धावा. ४-३. तिथेच संपलं.

मी काहीच बोलले नाही. सासूबाई पूजेसाठी आणलेली नवी केरसुणी हातात घेऊन बाहेर आल्या, माझं तोंड बघितलं आणि हळूच विचारलं, “कोण गेलं गं?”

मग वर्ल्ड सिरीज बघितलीस की नाही?

बघितली. तोंड फिरवून, पण बघितली. टोरँटो विरुद्ध डॉजर्स. तिसरा सामना १८ इनिंग चालला. आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झालेला दुपारी बारा वाजून गेल्यावर संपला. मधे मी ऑफिसची एक मीटिंग कॅमेरा बंद ठेवून उरकली. सातव्या सामन्यात टोरँटोला जिंकायला दोनच बाद हवे होते, तेव्हा डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमर मारून बरोबरी केली. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथचा होमर, ५-४, डॉजर्स सलग दुसऱ्यांदा विजेते. टोरँटोच्या लोकांचे चेहरे बघून मला बरं वाटेल असा अंदाज होता. वाटलं नाही.

डॉजर्स पैशाने जिंकतात, खरं ना?

अर्धं खरं. पैसा तुम्हाला दरवर्षी शर्यतीत ठेवतो, एका वाईट जूनमधून वाचवतो. पण २०२५ ला साखळीत डॉजर्सचे ९३ विजयच होते, मिलवॉकीपेक्षा चार कमी, आणि त्यांना पहिली फेरीही माफ नव्हती. त्यांचा पिचर यामामोटो वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्या दिवशी सातव्यात परत पिचिंगला उभा राहिला, त्याचा भाव कुठल्या करारात लिहिता येतो? आणि मेट्सचं वर सांगितलंच.

भारतातून बघायचं तर वेळा काय?

उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास. पश्चिमेचे, म्हणजे सिएटल-लॉस एंजलिसचे, सकाळी सात-साडेसातला. पोळ्या, डबे आणि पहिल्या तीन इनिंग एकत्र होतात. नवशिक्यांनी पश्चिमेचा संघ धरावा, झोप शाबूत राहते.

कुणी भारतीय खेळलंय का?

२००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केलं. मुख्य लीगपर्यंत मात्र दोघे पोचले नाहीत.

२०२६ मध्ये कुणावर नजर ठेवू?

नवीन असाल तर कुठलाही एक डिव्हिजन धरा, पाचही संघांची कामगिरी रोज एक मिनिट बघा, बाकी सोडून द्या. अमेरिकन लीगचा पूर्व विभाग कायम तापलेला असतो. क्लीव्हलंड आणि मिलवॉकी यांना दरवर्षी लोक मोडीत काढतात आणि सप्टेंबरात दोघे वर असतात, म्हणून मी त्यांच्या विरोधात पैज लावत नाही. मरीनर्सबद्दल विचारू नका.

सासूबाईंना आता कळतं का काही?

बरंच. दिवाळीनंतर एकदा त्यांनीच विचारलं, “तुझा तो कॅचर राहतोय ना पुढच्या वर्षी?” राहतोय म्हटल्यावर समाधान झालं. अर्धा सामना मात्र त्यांना अजून पटलेला नाही.